खाणं बंद करणं सोपं होतं, परत सुरू करायला कुणी सांगितलंच नव्हतं : उपास आणि पदार्थ वर्ज्य करण्याबद्दल

ओंजळ

हा धागा बरेच महिने मनात होता. माझ्यासारखीच वाट धरलेल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी माझं पोट रोज फुगायचं. सकाळी ठीक असायचं, दुपारच्या जेवणानंतर तासाभरात डब्ब. कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस पोट साफ नाही. कुणीतरी म्हणालं गहू सोड. सोडला, आठवडाभर बरं वाटलं. मग परत त्रास, म्हणून दूध सोडलं. मग डाळी, मग टोमॅटो, मग अंडी. जोडीला रोज सोळा तासांचा उपास आणि पंधरवड्यातून एकदा छत्तीस तास फक्त पाणी. जे सोडलं ते सोडलंच. आठ महिन्यांनी माझ्या ताटात येऊ शकतील असे अकरा पदार्थ उरले. अंदाजे सांगत नाहीये, त्यांची यादी फ्रिजवर चिकटवलेली होती.

नऊ किलो वजन उतरलं, जे उतरायची गरजच नव्हती. केस मुठीमुठीने गळायला लागले, दोन महिने पाळी आली नाही. आणि पोट फुगायचं ते फुगतच होतं, जरा कमी इतकंच.

शेवटी आहारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी यादी शांतपणे वाचली आणि विचारलं, "यातलं परत काय काय खाऊन पाहिलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीही परत खाऊन पाहिलं नव्हतं.

तेव्हा कळलं की पदार्थ वर्ज्य करून पाहणं ही तपासणी आहे, आणि मी तिलाच पथ्य समजून जगत होते. बंद करायचं ते थोड्या आठवड्यांसाठी, आणि खरी माहिती मिळते ती परत सुरू करताना. मी अर्धी परीक्षा देऊन निकाल लावून बसले होते.

उपास काय किंवा वर्ज्य करणं काय, कुणी कसं केलं, काय चुकलं, काय जमलं ते लिहा.

निवांत

ताई, मनापासून लिहिलंय. तुमच्या तपासणीचा निकाल काय लागला शेवटी? गहूच होता का?

ओंजळ

नव्हता, म्हणजे मी समजत होते तसा नव्हता.

त्यांनी मला फॉडमॅप पद्धतीने नेलं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात ही पद्धत तयार झाली, २००५ च्या सुमाराला. काही साखरेच्या जातीचे छोटे घटक, त्यांनाच फॉडमॅप म्हणतात, लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत. ते पाणी ओढून घेतात, आणि पुढे मोठ्या आतड्यातले जीवाणू ते आंबवून वायू तयार करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. ज्यांचं आतडं हळवं असतं त्यांना तो ताण दुखतो. माझ्या पोटात काही सडत नव्हतं, कसलं विषही नव्हतं. हे ऐकूनच निम्मी भीती गेली.

चार आठवडे या घटकांचे पदार्थ कमी केले. गंमत म्हणजे माझ्या अकराच्या यादीपेक्षा हे चार आठवडे जास्त भरपेट होते. मग एकेक गट परत. एका वेळी एकच, तीन दिवस, पहिल्या दिवशी अगदी थोडं, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमी खाऊ तेवढं. मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुढचा गट.

निघालं ते असं : कांदा आणि लसूण, म्हणजे त्यातले फ्रुक्टान नावाचे असेच घटक, आणि एका वेळी मोठा पेला दूध. अर्धा पेला चालतं, दही तर अजिबात त्रास देत नाही. गव्हातही फ्रुक्टान असतात, म्हणून गहू सोडल्यावर थोडं बरं वाटलं होतं आणि मी दोष गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनावर टाकला. टोमॅटो, अंडी आणि (सफरचंद सोडून) बाकी बहुतेक फळं, सगळं निर्दोष सुटलं. डाळी बेताने चालतात. आठ महिने मी अंडी उगाच टाळली याचं खरंच वाईट वाटलं.

मुळाक्षर

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ओंजळ यांचा अनुभव फार जणांचा आहे. ग्लुटेनबद्दल त्यांनी लिहिलंय त्याला आधारही आहे. ओस्लोमध्ये ५९ जणांवर अभ्यास झाला होता, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. हे सगळे स्वतःहून ग्लुटेन टाळणारे, ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार म्हणजे सिलिअ‍ॅक नसलेले. त्यांना न सांगता कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टान, कधी दोन्ही नसलेलं खायला दिलं. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या आठवड्यात झाला, ग्लुटेनच्या नव्हे.

एक आवर्जून सांगते. फॉडमॅपचा बंदीचा टप्पा दोन ते सहा आठवडे, त्यापुढे ताणायचा नाही. आपल्या आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंचं अन्नही हेच घटक असतात. कायम बंद ठेवले तर त्यांची उपासमार होते.

निवांत

मी सोळा तास उपास आणि आठ तासांत जेवण, असं सात महिने करतोय. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले, तेव्हा वाटलं जादू आहे. नंतर चार महिन्यांत मिळून दोनच. मला यातून सोपेपणा मिळाला हे मात्र खरं. रात्री नऊनंतर टीव्हीसमोर बसून चरणं बंद झालं. सोळा तासांत शरीरात काही विशेष घडतं की मी फक्त कमी खातोय?

मुळाक्षर

निवांत, पहिले तीन किलो बहुतांशी पाणी होतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा असतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा उतरला की पाणी सुटतं आणि काटा खाली येतो. परत नीट जेवलात की तो चढतो, म्हणून कुणी हिरमुसून जाऊ नये. नंतरचे दोन किलो खरी चरबी, आणि ते जास्त मोलाचे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : बरंचसं "कमी खाताय" हेच. २०२२ मध्ये चीनमधला एक चांगला अभ्यास आला. १३९ जाड व्यक्ती, पूर्ण वर्षभर. सगळ्यांना सारख्याच कमी कॅलरी, पण निम्म्यांनी त्या सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळात खायच्या. वर्षअखेर दोन्ही गटांचं वजन उतरलं, पण दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यामुळे ज्याला घड्याळ पाळणं सोपं जातं त्याने घड्याळ पाळावं, ज्याला ताट मोजणं जमतं त्याने ताट मोजावं. तुमचं रात्रीचं चरणं बंद झालं हा मोठा लाभ आहे, तो छोटा मानू नका.

फक्त प्रथिनं पुरेशी घ्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्यासारखा व्यायाम करा. उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा जितका कमी तितकं चांगलं.

सायंतारा

माझं मत थोडं वेगळं आहे. लंघनासारखं औषध नाही असं आपण म्हणतोच की. मी वर्षातून दोनदा पाच दिवस फक्त पाण्यावर राहते. दुसऱ्या दिवशी डोकं प्रचंड ठणकतं, ते शरीरातलं विष बाहेर पडण्याचं लक्षण. चौथ्या दिवशी इतकं हलकं वाटतं की शब्दांत सांगता येत नाही. या खेपेला दहा दिवसांचं ठरवलंय. पेशी स्वतःची साफसफाई करतात या शोधाला नोबेल मिळालंय, हेही लक्षात घ्या.

मुळाक्षर

सायंतारा, तुम्हाला हलकं वाटतं हे मी मुळीच नाकारत नाही. दोन-तीन दिवसांनी मेंदू वाढत्या प्रमाणात चरबीतून बनणाऱ्या कीटोनवर चालायला लागतो, भूक मंदावते, अनेकांना तरतरी येते. पण दुसऱ्या दिवसाची डोकेदुखी विषाची नाही. तुम्ही एरवी चहा किंवा कॉफी घेत असाल तर कॅफीन सुटल्यावर १२ ते २४ तासांत डोकं धरतंच. शिवाय उपासात इन्शुलिन खाली येतं, तेव्हा मूत्रपिंड जास्त मीठ बाहेर टाकतात आणि त्याबरोबर पाणीही जातं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळेच. यकृत आणि मूत्रपिंड सफाईचं काम आपण जेवलेले असलो तरी चोवीस तास करतच असतात.

नोबेल २०१६ चं, योशिनोरी ओसुमी यांना. काम खरंच मोठं आहे, पण त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवर होते. माणसाने किती तास उपाशी राहिलं की कोणत्या अवयवात ही सफाई किती वाढते, याचं घड्याळ अजून कुणाच्या हातात नाही. ते पारितोषिक दहा दिवसांच्या उपासाची शिफारस म्हणून वाचू नका.

आणि दहा दिवसांबद्दल मला काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते. धोका उपासाइतकाच उपास सोडण्यात आहे. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काही न खाल्लेल्या माणसाला आम्ही जपूनच खायला देतो. इतके दिवस शरीर साठ्यावर चाललेलं असतं. अचानक गोड किंवा पिठूळ भरपूर खाल्लं की इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींत शिरतं आणि रक्तातली पातळी कोसळते. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जीवही जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले, उपासमार सोसलेले युद्धकैदी जेवायला मिळाल्यावर दगावले, तेव्हा हे ठळकपणे लक्षात आलं.

कोवळेऊन

पण ३८२ दिवस न जेवलेल्या माणसाचं उदाहरण सगळीकडे वाचायला मिळतं. ते खोटं आहे का?

मुळाक्षर

खरं आहे. स्कॉटलंडमधला तरुण, १९६५-६६ साल. पण सुरुवातीला त्याचं वजन २०७ किलो होतं. डॉक्टरांची देखरेख होती, जीवनसत्त्वं दिली जात होती, मध्ये पोटॅशियमही द्यावं लागलं, आणि रक्ताच्या तपासण्या वारंवार होत होत्या. त्या काळात असे लांब उपास इतर रुग्णांवरही करून पाहिले गेले आणि त्यांत मृत्यूही झाले, म्हणून वैद्यकाने ती वाट सोडली. एका माणसाचं नाव राहिलं, बाकीचे विसरले गेले.

पानगळ

मला माझ्या वडिलांबद्दल सांगायचंय. वय ७१, मधुमेह, रोज ग्लिमेपिराइड. उपासाने मधुमेह जातो असा व्हिडिओ त्यांनी पाहिला आणि आम्हाला न सांगता रात्रीचं जेवण बंद केलं. गोळी मात्र चालूच, कारण "औषध चुकवू नये". चौथ्या रात्री तीन वाजता आई हाक मारत आली. बाबा दरदरून घामाने भिजलेले, बोलणं असंबद्ध, मला ओळखेनात. साखर मोजली तर ४८.

शुद्धीवर होते, गिळत होते, म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं. वीस मिनिटांत ओळख पटली. मी म्हटलं झालं, झोपू दे त्यांना. नशिबाने बहिणीने ऐकलं नाही, तिने तसंच रुग्णालयात नेलं, आणि तिथे पहाटे साखर पुन्हा खाली गेली. या गोळीचा अंमल बराच काळ राहतो हे मला तेव्हा कळलं. घरीच झोपवलं असतं तर? हा विचार मला अजून झोपू देत नाही.

मुळाक्षर

पानगळ, बहिणीचे आभार माना, तिने अगदी योग्य केलं.

सगळ्यांसाठी : इन्शुलिन घेणारे, ग्लिमेपिराइड-ग्लिक्लाझाइड गटातल्या गोळ्या घेणारे, यांनी डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलल्याशिवाय एक जेवणही मुद्दाम चुकवू नये. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका कमी असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांवर असताना लांब उपास केला तर रक्तात आम्ल साचू शकतं आणि साखर जवळपास नेहमीसारखीच दिसते, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, असं काही झालं तर साखरेचा आकडा पाहून निर्धास्त राहू नका. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी उपासात दाब फार उतरतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीची मुलं, आधीच कमी वजन असलेले आणि खाण्याशी कधी काळी झगडा झालेले, यांनी या वाटेला जाऊ नये. संधिवाताच्या गाउट प्रकारात उपासाने यूरिक अ‍ॅसिड वाढतं. झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. अर्धशिशीवाल्यांना तर उशिरा झालेलं जेवण हेच कारण पुरतं.

कमी खाण्याने मधुमेह माघार घेतो ही गोष्ट मात्र खोटी नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला, वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. पण तिथे मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, आणि इन्शुलिन घेणाऱ्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं.

सायंतारा

मी दहा दिवसांचा बेत सोडते आहे. पानगळ यांचं वाचून मला धडकी भरली, कारण माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि मी ती उपासात तशीच घेत आले. डॉक्टरांशी बोलेन. एक दिवसाचा उपास मला मनाने फार शांत करतो, तेवढा तरी ठेवता येतो का ते विचारेन.

उंबरठा

माझा मुलगा तीन वर्षांचा, एक्झिमा आहे. रात्रभर खाजवतो, चादरीवर रक्ताचे डाग. दूध, अंडी, गहू, शेंगदाणे सगळं एकदम बंद करायचा विचार करतेय. एका ठिकाणी रक्ताची ९० पदार्थांची तपासणी केली, त्यात २७ पदार्थ लाल आले. आता त्याला खायला काय घालू? मी फार थकलेय.

ओंजळ

उंबरठा, बाई, आधी एक दीर्घ श्वास घ्या. तुमच्या पोस्टमध्ये मला माझी फ्रिजवरची यादी दिसली. मी मोठी होते, मला ते झेपलं. त्याच्यावर अशी यादी लावू नका.

मुळाक्षर

उंबरठा, ती ९० पदार्थांची तपासणी बहुधा आयजीजी या रक्तातल्या प्रतिपिंडांची असेल, अहवालावर पाहा. आयजीजी एवढंच सांगतं की हा पदार्थ तुमच्या मुलाने खाल्लेला आहे. जो रोज खातो तो लाल येतो. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच लिहून ठेवलंय की अन्नाचा त्रास ओळखायला ही तपासणी वापरू नये. तुम्ही फसलात यात तुमची चूक नाही.

आता बंद करण्याबद्दल. एक्झिमा असलेलं मूल जो पदार्थ आज नीट खातंय तो बरेच महिने तोडला, तर परत देताना तीव्र अ‍ॅलर्जी उफाळू शकते. खाल्ल्याने शरीराला पदार्थाची ओळख राहते. शेंगदाण्यांचंच पाहा. २०१५ च्या लीप अभ्यासात या अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना पहिल्या वर्षापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. अख्खे दाणे लहानग्यांना देऊ नयेत, घशात अडकतात, ते वेगळं.

आधी त्वचेचे उपचार नीट चालू आहेत ना ते पाहा, मलम पुरेसं आणि रोज. एखादा पदार्थ खाल्ल्यावर मिनिटांत-दोन तासांत पुरळ, सूज, उलटी होते का ते लिहून ठेवा आणि ती वही बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दूध-अंडी-गहू एकदम तोडलं तर कॅल्शियम, प्रथिनं, वाढ, सगळ्याला फटका बसतो.

उंबरठा

अहवाल पाहिला. आयजीजीच लिहिलंय. रडू आलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. आज त्याने अंडं खाल्लं, नेहमीसारखंच.

ओंजळ

मला आणखी एक लिहायचं राहिलं होतं, मनाबद्दल. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला होता. वजन उतरलं ते ठीकच, पण त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरा विषय उरला नाही. काहीजण पाककृती जमवायला लागले, ताट चाटून पुसून घ्यायला लागले, माणसांत मिसळेनासे झाले. हे वाचून मी सुन्न झाले. माझ्या आठ महिन्यांत मी एकाही मैत्रिणीकडे जेवायला गेले नव्हते. मी त्याला शिस्त म्हणत होते. माझं शरीर उपाशी होतं आणि मन त्याच्याभोवतीच फिरत होतं.

तळटीप

उशिरा आलो. मी चार महिने गहू पूर्ण बंद केलाय आणि मला कमालीचं बरं वाटतंय. थकवा गेला, जुलाब थांबले. वर्षानुवर्षं हिमोग्लोबिन कमी होतं, तेही चढतंय. ओंजळ यांच्यासारखं माझंही फ्रुक्टानच असेल ना? की सिलिअ‍ॅकची तपासणी करून घेऊ?

मुळाक्षर

तळटीप, जुलाब, थकवा आणि न भरणारं हिमोग्लोबिन एकत्र असेल तर सिलिअ‍ॅक तपासायलाच हवं. अडचण अशी की तुम्ही गहू बंद केलाय. या आजारात ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्या आतड्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ग्लुटेन थांबलं की ती हळूहळू उतरतात, आतडंही भरून येतं. त्या अवस्थेत टीटीजी, म्हणजे या प्रतिपिंडांची रक्ततपासणी केली तर ती निर्दोष येऊ शकते आणि आजार लपून राहतो. म्हणून तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन खावं लागतं. फार त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. डीक्यू२-डीक्यू८ ही जनुकांची तपासणी खाण्यावर अवलंबून नसते. ही जनुकं नाहीत असं आलं तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद. आहेत असं आलं तर मात्र एवढ्यावरून निदान होत नाही.

गव्हाचा हा संबंध सिद्ध केला डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांना संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि त्यांचे हे छोटे रुग्ण सावरले. पाव परत आला तशी मुलं परत आजारी पडली. वर्ज्य करणं आणि परत देणं, दोन्ही झालं तेव्हाच उत्तर मिळालं.

तळटीप

सहा आठवडे परत गहू? विचारानेच पोटात गोळा येतोय. पण करतो. डॉक्टरांची वेळ घेतली.

निवांत

तळटीप, इथे लिहीत राहा. आम्ही आहोत.

तळटीप

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. सहा आठवडे कठीण गेले, तिसऱ्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटलं होतं. टीटीजी बरंच वाढलेलं आलं, मग दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे घेतले. काल अहवाल मिळाला. सिलिअ‍ॅकच आहे. मी स्वतःच ठरवून गहू सोडला होता तेव्हा सॉसमध्ये, मसाल्याच्या मिश्रणात येणारं थोडंथोडं चालवून घेत होतो. डॉक्टर म्हणाले तेवढंही चालणार नाही, आणि हाडांची घनता तपासायला सांगितली.

ओंजळ

तळटीप, तुम्ही सहा आठवडे जे सोसलंत त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. घरातल्यांचीही तपासणी सांगितली असेल ना?

तळटीप

हो, आई-वडील आणि धाकटी बहीण. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला असू शकतं म्हणाले. बहिणीलाही कित्येक वर्षं रक्त कमी आहे. तिने कालच गहू सोडायचं ठरवलं होतं, मी फोन करून थांबवलं. सोमवारी रक्त देईपर्यंत रोजच्यासारखंच खा म्हटलं.